बरणीतली खात्री

त्या सकाळी बाबांनी डावा दंड पाण्याच्या बादलीत बुडवला आणि बुडबुडे येतात का ते बघत बसले. चाळीस वर्षं सायकलींची पंक्चरं काढलेला माणूस. गळती शोधायची दुसरी रीत त्यांना मान्यच नव्हती.

त्यांच्या दंडात कातडीखाली साखर मोजणारं यंत्र होतं, काडेपेटीतल्या काडीएवढं. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा. तो किती टिकतो हे तपासणं ही माझी नोकरी. आकडे माझ्या मोबाइलवर यायचे आणि आठवडाभर ते चढेच होते.

"बाबा, बिस्किटं कुठे लपवलीत?"

"खाल्ली असती तर सांगितलं असतं. तुझा पडदा फाटलाय."

"प्रयोगशाळेत बरणीतल्या कोमट मिठाच्या पाण्यात असाच पडदा दोन वर्षं टिकलाय."

"बरणीतली ट्यूब कधी पंक्चर होते का गं? रस्त्यावर चालव तिला. या हातानं मी दिवसभर टायर ओढतो."

"मग बुडबुडे कुठायत?"

त्यांनी हात बाहेर काढून पुसला. "हवाच भरलेली नाही, येतील कुठून? एवढंही शिकवलं नाही तुला?"

मी साखरेचा डबा कुलपात घातला. "चोर सोडून संन्याशाला सुळी!" ते मागून ओरडले. मी न वळता कामावर गेले.

दुपारी दुकानात टायर उतरवता उतरवता त्यांचं हृदय थांबलं. साखरेशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं.

यंत्र तपासायला परत द्यायचं, असं त्यांनी आधीच लिहून दिलं होतं. वर तोंडी अट: "मेल्यावर खुशाल न्या, जिवंतपणी कापाकापी नको."

तीन आठवड्यांनी मी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. पडद्याला तीन चिरा होत्या, एकाच दिशेनं ताणल्यासारख्या. अशा चिरांतून साखर जास्त आत शिरते आणि आकडा उगाच फुगतो.

आमच्या विभागप्रमुख बाई दारातून म्हणाल्या, "काढताना चिमटा लागला असेल. तसंच लिही."

"चिरांच्या आत पेशी वाढल्यात, बाई. बाबा जिवंत असतानाच्या आहेत या."

"मग पडदा टिकला नाही, असं लिहावं लागेल."

"लिहिते. आणि यापुढे पडदे बरणीत नुसते भिजवायचे नाहीत, ओढून बघायचे."

"हे कुणी सुचवलं?"

आमच्या घरात चूक कबूल करायची पद्धत नव्हती. फार तर दुसऱ्या दिवशी न मागता चहा पुढे यायचा. बाई अजून दारातच होत्या, तरी मी मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तुम्ही खरं बोलत होतात. माझं चुकलं."