पालथा आरसा

नवऱ्याच्या हनुवटीवर ओघळलेली लाळ तिने टिपली, त्याची चाकांची खुर्ची खिडकीकडे वळवली आणि टेबलाशी येऊन बसली. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर हातात मावेल एवढा आरसा पालथा ठेवलेला होता.

आरसा वाचा-उपचारवाल्या मुलीने दिलेला. रोज त्याच्यासमोर धरायचा, ओठांचे आकार करून घ्यायचे, आवाज काढायला लावायचा. आज सकाळीच ती येऊन गेली होती. त्याच्या गळ्याला बोटं लावून तिने बराच वेळ वाट पाहिली होती.

"काकू, सराव होतोय ना रोज? पक्षाघाताच्या झटक्यानंतरचे हे महिनेच कामाचे. पुढे फार कठीण जातं."

"होतो," ती म्हणाली होती.

सासूबाईंनी भाजी निवडता निवडता मान वर केली होती. मुलगी गेल्यावर त्या पुटपुटल्या, मासिकात लिहायला वेळ आहे, माझ्या पोराच्या जिभेला नाही. मग स्वतःशीच हसल्या. काय आवाज होता पण, म्हणाल्या, आपल्या घरात ओरडला की शेजारी दार उघडायचे. ती हसली नाही. त्या आवाजापाठोपाठ हात यायचा. तिला डाव्या कानाने अजून कमीच ऐकू येई.

चर्चच्या मंडळीच्या मासिकात चिंतनाचं पान तिच्याकडे होतं. लिहिण्याआधी ती डोळे मिटून प्रार्थना करी, आणि मनात कोणाविषयी अढी सापडली तर पेन उचलत नसे. या नियमापायी लग्नानंतरची कितीतरी पानं राहून गेली. लिहिली गेली त्यातली काही त्याने फाडली. झटका आल्यापासून मात्र तिचा एकही अंक चुकला नव्हता. पास्टरांनी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, तुमचं वाचून मन निवतं. घरात एवढं आजारपण असताना ही शांती आणता कुठून? प्रभूची कृपा, असं तिने उत्तर दिलं होतं.

आताही तिने डोळे मिटले. अढी नव्हती. पंखा फिरत होता, स्वयंपाकघरात सासूबाईंची विळी चालली होती. बाकी घरात काही आवाज नव्हता. ती त्या शांततेत बसून राहिली, आणि ती शांतता कुठून येते आहे हे तिला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. खिडकीजवळच्या खुर्चीतून.

तिने डोळे उघडले. पेनाला टोपण लावलं आणि आरसा उचलला. कागद उडून फरशीवर पसरले, ते तिने तसेच राहू दिले. स्टूल ओढून ती नवऱ्यासमोर बसली.

"अहो, इकडे बघा. आ म्हणा."

तो आरशात न बघता तिच्याकडेच बघत राहिला. ओठाची एक बाजू थरथरली, एवढंच. स्वयंपाकघरात सासूबाईंची विळी थांबली.

"आ." तिने स्वतः तोंड उघडून दाखवलं.

त्याच्या घशातून काहीतरी खरवडत वर आलं आणि एकदम मोठ्याने फुटलं. शब्द नव्हता, पण आवाज तोच होता.

तिचा मोकळा हात कधीच डाव्या कानावर जाऊन बसला होता. तिने तो खाली घेतला, मांडीवर ठेवला. दुसऱ्या हातातला आरसा पुन्हा त्याच्यासमोर धरला.

"पुन्हा," ती म्हणाली.