उतारावरचं पेटतं पाणी

पाणी पेटलं आणि तीनशे माणसांच्या तोंडून एकच "आऽऽ" निघाला. पितळेच्या पळीत निळसर ज्योत नाचत होती. ज्योतबाबांनी पळी डोक्यावर धरली, गोल गिरकी घेतली आणि माइक ओठाला लावला.

"विज्ञान काय म्हणतं? पाण्यानं आग विझते! आणि इथं काय झालंय? पाणीच आग झालंय! जिथं विज्ञानाची शिडी संपते ना, तिथं माझी पहिली पायरी लागते! ही सगळी व्हायब्रेशनची कमाल! ज्याचं मन स्वच्छ, त्याचंच पाणी पेटणार. ज्याच्या मनात किंतू, त्याचं पाणी थंड!"

टाळ्या पडल्या. मी हसलो. हे हसू मी अशा प्रसंगांसाठी खास राखून ठेवलेलं आहे. एक भुवई वर, ओठाचा डावा कोपरा खाली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि गेली एकोणीस वर्षं सुटीच्या दिवशी 'चमत्कारामागचं विज्ञान' या विषयावर व्याख्यानं देतो. जिभेवर कापूर जाळणं, नारळातून फुलं काढणं, सगळं मला येतं. त्यामुळे गर्दीतून वाट काढत मंचाकडे निघालो तेव्हा निकाल माझ्या खिशातच होता.

पेट्रोलचा वास मला लांबूनच आला होता. म्हणजे बाहीत बाटली किंवा पळीला पोकळ दांडा. सोपं होतं.

"बाबा, मी तपासू का?" मी माइकमध्ये विचारलं.

"या, मास्तर, या! आम्ही झडतीला घाबरत नाही."

मी बाह्या चाचपल्या. अंगठी काढायला लावली. पळीचा दांडा ठोकून पाहिला. काडेपेटीतल्या काड्या मोजल्या. का मोजल्या ते अजूनही मला सांगता येणार नाही. काहीच सापडलं नाही. बाजूला पाण्याचं पिंप होतं, वर झाकण, खाली तोटी. गल्लीतल्या विहिरीचं पाणी रोज सकाळी त्यात भरत. पिंप म्हणजे पिंपच, त्यात काय बघायचं?

बाबांनी माझ्यासाठी तोटीखाली वाटी भरली. काडी टेकवली. काडी चुर्र करून विझली.

"मास्तर," बाबा हळहळत म्हणाले, "मनात फार किंतू आहे हो तुमच्या."

तीनशे माणसं हसली. त्यातली निम्मी माझे आजी-माजी विद्यार्थी. आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी थोरली बहीणही पदर तोंडाला लावून हसली. मग तीच वर आली. तिच्यासाठी बाबांनी पिंपाचं झाकण उघडून पळी बुडवली, आणि पाणी भकन पेटलं.

"बघ, धाकट्या," ताई म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचलीस, पण पाण्यानं तुला ओळखलंच."

या ताईबद्दल सांगायला हवं. मेव्हणे गेल्यावर ती एकटी झाली. माझ्या घरी तीन खोल्या. एकीत मी आणि बायको, एक स्वयंपाकाची, आणि एक विवेकवादी विचारांच्या पुस्तकांनी भरलेली. मानवतेवरचे अकरा खंड त्यात आहेत. त्यामुळे ताईला जागा नव्हती. मीच तिला पेट्रोल पंपामागच्या उतारावरच्या गल्लीत खोली बघून दिली. भाडं कमी होतं. "वास येतो रे," ती म्हणाली होती. "सवय होते," मी म्हणालो होतो. मी कधी तिथं राहिलो नव्हतो, तरी मला ठाऊक होतं.

तिथं गेल्यापासून तिचं डोकं दुखायला लागलं, सकाळी मळमळायचं. चार महिन्यांपूर्वी ज्योतबाबा आले आणि म्हणाले, शरीरातलं पाप बाहेर पडतंय. हेच पाणी रोज उपाशीपोटी प्या. पंपाच्या मालकांनी मंडप दिला, माइक दिला. आता बाबांनी जाहीर केलं होतं की येत्या रविवारी सकाळी ते 'महाज्योत' करणार. म्हणजे पेटता पलिता थेट विहिरीत सोडणार, आणि सगळी गल्ली विहिरीभोवती उभी राहून पाहणार. पलिता सोडण्याचा मान ताईला.

मंचावरून उतरलो तो दुसऱ्या दिवशी नेमका त्याच गल्लीत गेलो. हौसेनं नाही. शिक्षक म्हटला की मोजणी आलीच; माणसं मोजा, गुरं मोजा, शौचालयं मोजा. या वेळी आरोग्य खात्याची पाहणी होती आणि पंपाभोवतीचा भाग माझ्या वाट्याला आला होता. सोबत दवाखान्यातल्या नर्सबाई. चाळिशीच्या, बोलणं मोजकं, चालणं झपाट्याचं. घरात माणसं किती, वय काय, घर स्वतःचं की भाड्याचं, हे मी लिहायचं. आजार काय आणि पाणी कुठलं, हे त्या लिहायच्या.

दारोदार माझं स्वागत झालं. "या, थंड पाणीवाले सर!" एका दारात आजोबा म्हणाले, "बसा. पाणी देऊ का, की पेटणार नाही म्हणून नको?"

नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी आजोबांच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि विचारलं, "चक्कर कधीपासून येते?"

चार दिवसांत मोजणी झाली. शुक्रवारी दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांवर कागद पसरून आम्ही बेरजा करायला बसलो. मी अजून बाबांच्या बाहीतच अडकलेला. "दुहेरी शिवण असेल," मी म्हणालो. "किंवा काडीलाच काही लावलेलं..."

"सर, तुमचेच आकडे एकदा वाचता का?" बाई म्हणाल्या.

मी वाचले. पंपाच्या वरच्या अंगाला अडतीस घरं, दीडशे माणसं, भाडेकरू फक्त पाच, डोकेदुखी-मळमळ दोन घरांत. खालच्या उताराला एकसष्ट घरं, चारशे तीन माणसं, चोपन्न घरं भाड्याची. दहा वर्षांखालची मुलं एकशे एकतीस. आणि डोकेदुखी, चक्कर, ओकाऱ्या अठ्ठेचाळीस घरांत.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"गरिबी," मी व्याख्यानाच्या सुरात म्हणालो. "गरीब माणूस अंधश्रद्धेला लवकर बळी पडतो."

"अहो, अंधश्रद्धेनं उलट्या होत नाहीत." त्यांनी पेन्सिल उचलली. "उतारावरची तेरा घरं धडधाकट आहेत. त्यातली चार बंद. उरली नऊ. ती पाणी कुठून आणतात, ते माझ्या रकान्यात बघा."

मी पाहिलं. नऊच्या नऊ घरं वरच्या रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावरून पाणी आणत होती. कुणाला विहिरीचं पाणी कडू लागायचं, कुणाचं विहीरमालकाशी भांडण होतं. बाकी सगळे विहिरीवर.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "पंपाची टाकी कुठं असते?"

"जमिनीखाली."

"ती गळली तर पेट्रोल कुठं जाईल?"

"उताराकडे."

"विहिरीत पोचल्यावर बुडेल की तरंगेल?"

 सव्वीस वर्षं, दर जूनमध्ये, सातवीच्या वर्गात काचेच्या ग्लासात मी पाणी आणि तेल ओततो. तेल हलकं, ते वर तरंगतं. सव्वीस वर्षं एकही मूल या प्रश्नात नापास झालेलं नाही. मी त्या खोलीत, खोक्यावर बसून, नापास झालो होतो.

"पिंप!" मी ओरडलो. "वरून पळीनं घेतलं की पेट्रोल येतं. खालच्या तोटीनं घेतलं की पाणी येतं! मला त्यानं तोटीचं दिलं!"

"बाबाची लबाडी एवढीच," बाई म्हणाल्या. "वास तुम्हाला बरोबर आला होता, सर. तुम्ही माणसाची झडती घेतलीत. जमिनीची घ्यायला हवी होती."

मग त्यांचा आवाज बदलला. "रविवारी पलिता विहिरीत पडला तर? वर पेट्रोलची वाफ कोंडलेली. भोवती चारशे माणसं. पुढे लहान मुलं उभी करणार, त्यांना नीट दिसावं म्हणून."

आणि पलिता माझ्या बहिणीच्या हातात.

आम्ही तसेच उठलो. अग्निशमन केंद्रावर अधिकारी बैठकीला गेले होते, पण बाई तिथून हलायलाच तयार होईनात. शेवटी बंब आणि चार माणसं रविवारी पाठवण्याचं त्यांनी लिहून घेतलं. मी ताईकडे गेलो. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हरलास म्हणून रडतोयस." दार लावून घेतलं. तिचं काय चुकलं? मी तिला एकोणीस वर्षं फक्त व्याख्यानं दिली होती. शेजारी बसून काही सांगितल्याचं मला आठवत नव्हतं.

रविवारी सकाळी मंडप भरला. विहिरीपाशी अग्निशमनवाले उभे राहिलेले पाहून बाबांनी लगेच सूर लावला, "बघा, सरकारलाही ज्योतीचं संरक्षण करावंसं वाटलं!" मी मंचावर चढलो. माझं ते खास हसू या वेळी घरीच राहिलं होतं. 

"बाबा, एकदा मला पुन्हा संधी द्या. मन स्वच्छ करून आलोय."

लोक खूश झाले. बाबांना नाही म्हणता येईना. ते तोटीकडे वळले, पण मी पिंपाचं झाकण उघडून पळी बुडवली सुद्धा. "आणि माझ्या ताईला तुम्ही तोटीचं द्या. तिच्याइतकं स्वच्छ मन या गल्लीत कुणाचं नाही, हे तुम्हीच म्हणता."

"असं चालत नाही, मास्तर, व्हायब्रेशन बिघडतात..."

"कशी बिघडतील?" ताई उठून म्हणाली. तिला वाटलं, धाकट्याची पुन्हा फजिती होणार. "द्या हो मला तोटीचं. काय फरक पडतो?"

तिनं वाटी भरली, काडी लावली. चुर्र. दुसरी लावली. चुर्र. मी माझ्या पळीला काडी लावली आणि ज्योत अशी उसळली की माझी डावी मिशी गेली. ज्योत वाकून बघायची काहीच गरज नव्हती, पण मी विज्ञानाचा मास्तर.

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, पापी माणसाचं पेटलं!" हशा झाला, पण तो अर्ध्यातच थांबला. नर्सबाईंनी पुढे होऊन काचेची बरणी पिंपात वरून बुडवली आणि सगळ्यांसमोर धरली. खाली पाणी, वर पिवळसर थर, मध्ये सरळ रेघ.

"हे पेट्रोल आहे," त्या म्हणाल्या. "पंपाची जमिनीखालची टाकी गळते आहे. हे तुमच्या विहिरीत येतंय."

बाबा मंचाच्या मागच्या शिडीनं उतरले. त्यांची पायरी नेमकी तिथंच होती. पुढे कळलं की ते पूर्वी दुसऱ्या गावी पंपावर गाड्यांत तेल भरायचे. विहिरीचा वास त्यांनी आल्या दिवशीच ओळखला होता.

पण त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. ताई बरणीकडे बघत होती.

"बाई," तिनं हळू विचारलं, "खालचं पाणी तरी चांगलं ना? आम्ही घरी नेतो ते?"

"नाही, ताई. थोडं त्यातही विरघळतं."

"शेजारणीला सहावा महिना आहे. मी तिला रोज दोन ग्लास पाजलं. माझ्या हातानं."

 मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, एवढंच. थोड्या वेळानं तिनं पदर खोचला आणि नर्सबाईंबरोबर घरोघर निघाली: विहिरीचं पाणी ओतून द्या, पिऊ नका, चूलही त्याच्याजवळ पेटवू नका. माझं कुणी ऐकलं नसतं. तिचं ऐकलं.

पुढच्या आठवड्यात पंप बंद करून जमीन खणली. टाकीच्या तळाशी गंजलेलं भोक होतं, करंगळी जाईल एवढं. तिथला कामगार म्हणाला, "रोज काठी बुडवून माप घेतो. सहा महिने कमी भरतंय. मालकांना सांगितलं, ते म्हणाले उडून जातं." मालकांनी मंडप का दिला होता, ते मग कुणाला विचारावं लागलं नाही. चौकशी सुरू आहे. विहिरीला झाकण बसलं, वरच्या नळाची जोडणी उताराला मिळाली. शेजारणीला मुलगी झाली, वजनानं कमी. डॉक्टर म्हणतात, कारण नक्की सांगता येणार नाही, लक्ष ठेवू.

आता थोडं सरळ सांगतो. चमत्कार उतारावरच का झाला? वरच्या बंगल्यांत का नाही? कारण वास येणाऱ्या जागेचं भाडं उतरतं, आणि ज्याला दुसरीकडे दार उघडत नाही तो तिथं येतो: नवे आलेले, एकट्या बायका, म्हातारे, मोठी कुटुंबं. गळणाऱ्या टाकीला माणसं निवडता येत नाहीत. ती आपण आधीच निवडून तिथं ठेवलेली असतात. माझ्या बहिणीला मी ठेवलं होतं.

म्हणून कुठं पाणी पेटलं, तर हात जोडू नका, आणि माझ्यासारखी एकाच बुवाची बाही उलटीपालटी करत बसू नका. काडी विझवा, मुलांना लांब करा. मग दार ठोठावा आणि विचारा: घरात किती जण, कधीपासून, कोणतं पाणी पिता? उत्तरं कागदावर लिहा, आणि लिहिलेलं वाचा.