सुटलेला टाका

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी परीक्षकांनी एका प्रकल्पाच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. ओळीत लिहिलं होतं: शिलाई कामगार, वय सत्तेचाळीस, सव्वीसपैकी सव्वीस.

"बाकीचे सगळे अठराच्या आत आणि ही एकटी पैकीच्या पैकी? घरातली आहे का कुणी?"

"माझी मावशी आहे," नववीतल्या मुलीने खरं तेच सांगितलं.

"मग तिला आज घेऊन या. आकडा खोटा निघाला तर अख्खा प्रकल्प बाद."

एक वाजता मावशी कारखान्यातून अर्ध्या रजेवर निघाली, अंगावर धाग्यांचे तुकडे तसेच. प्रकल्प साधा होता. मोर्स म्हणजे इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी लांब-आखूड आवाजांची लिपी. दहा जणांनी ती कागदावरची टिंबं-रेघा पाहून शिकायची, दहा जणांनी बझरवर नुसती ऐकून. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे.

मावशीची शाळा तिसरीतच सुटली होती. अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची आणि पट्टी हातावर बसायची. "माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही गं, दगड आहे नुसता," असं म्हणून तिने पहिल्या दिवशी हात झटकले होते. "डोळे मीट," भाची म्हणाली होती, "कागद बघायचाच नाहीये." चाळीस वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शर्टाच्या कॉलरला लावायच्या चिठ्ठ्यांमुळे एस, एम, एल तिच्या ओळखीचे होते, तिथून सुरुवात झाली. एस म्हणजे तीन आखूड टाके, एम म्हणजे दोन लांब. बाकीची अक्षरं पोरीने एकेक करून कानात घातली, एकदाही न हसता. रोज उठताना मावशी तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. आभार मानायला तिला शब्द सापडत नसत.

परीक्षकांनी उत्तरं लिहायला कागद पुढे सरकवला तेव्हा तिने हात मागे घेतले.

"सगळ्यांची परीक्षा तोंडीच घेतली होती सर," भाची चटकन म्हणाली.

परीक्षक स्वतः बझर वाजवू लागले. प्रत्येक अक्षर एकदाच, पण क्रम उलटापालटा, हे त्यांनी आधीच बजावलं. मावशीने डोळे मिटले. "टी. के. एक्स. एम..." पंचवीस अक्षरं बरोबर आली. शेवटच्याला ती थांबली.

"वाजला एस. पण एस मघाशीच झाला. तुम्हाला एच वाजवायचा होता, चार आखूड. एक टाका सुटला, साहेब."

"मी चार वेळा दाबलंय."

"दाबलं असेल. वाजलं तीनदा."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी विज्ञानाच्या बाईंना बझर उघडून पाहायला सांगितलं आणि या दोघींना बाहेर बसवलं.

बाकावर भाची म्हणाली, "थँक्यू, मावशी. माझ्यापायी तुझी रजा गेली."

"थँक्यू काय गं, परकी आहेस का?" मावशीने डोळ्यांना पदर लावला. "मला परीक्षेला बसवायचं कुणाच्या मनात तरी आलं होतं का आजवर?"

"तू तर तिसरीतून थेट परीक्षकांचीच परीक्षा घेतलीस."

"गप बस. ऐकतील ना!"

पावणेचार वाजेपर्यंत बझर टेबलावर उघडाच होता. बाई एक सैल तार हलवून पाहत होत्या. तक्त्यावरचं प्रश्नचिन्ह अजून कुणी पुसलं नव्हतं.