पिशवीला निघालेली गाठ

एका दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एका म्हाताऱ्याची पाठ लालभडक दिसत होती. वायुगुरू म्हणवणाऱ्या बुवांनी तळहातावर अर्क घेतला, पाठ चोळली, कॅमेऱ्यानं पुन्हा फोटो काढला आणि लाल होतं तिथं निळं झालं. लोकांनी हात जोडले. माझी ताई पहिल्या रांगेत होती.

"लाल म्हणजे गुदमरलेली पेशी. डॉक्टर तिला जाळतात, मी तिला श्वास देतो," वायुगुरू म्हणाले. वा रे पठ्ठ्या!

पण खरं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटायला हवं. मी दवाखान्यात स्कॅनचं यंत्र चालवतो. ताईच्या मानेतल्या कॅन्सरच्या गाठीचा नकाशा मीच काढला होता. त्यासाठी एक औषध टोचतात, ते प्राणवायू कमी असलेल्या पेशींत अडकून राहतं आणि स्कॅनमध्ये ती जागा लाल दिसते. अशा जागी रेडिएशनचा जोर कमी पडतो, म्हणून ती आधी शोधायची. मी ताईला घाईघाईत "लाल तिथं प्राणवायू कमी" एवढंच सांगितलं आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. उरलेलं वायुगुरूंनी पुरवलं. तिनं रेडिएशनच्या चार तारखा चुकवल्या. आणखी आठवडा गेला तर गाठ हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं.

आईच्या मागं ताईनंच मला वाढवलं. घरात आम्ही दोघंच, आणि हल्ली जेवायचोही मुक्यानं. मला फार एकटं वाटायचं. तिला काय वाटतं, ते मी विचारलं नव्हतं.

दवाखान्यात रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी आम्ही यंत्रात पाण्यानं भरलेला डबा ठेवून तपासतो. डब्यात रोग दिसला तर दोष यंत्राचा. तीच सवय घेऊन मी पुढं गेलो आणि घरून कोमट पाणी भरून आणलेली शेकायची रबरी पिशवी कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर ठेवली. पडद्यावर पिशवी लालभडक झाली.

"निर्जीव वस्तूवर सिद्धी चालत नाही," वायुगुरू गुरकावले.

मी त्यांचाच अर्क हातावर घेऊन पिशवीला चोळला. पिशवी निळी पडली. मग मी लोकांना समजावलं. हा कॅमेरा फक्त वरवरची उष्णता टिपतो, त्याला आतलं काही कळत नाही. फोटोआधी हे रुग्णाला दहा मिनिटं गरम पट्टा बांधतात, म्हणून लाल. अर्क म्हणजे निव्वळ स्पिरिट. ते उडताना कातडी गार करतं, म्हणून निळं. लोक हसले. वायुगुरूंना तोंड लपवायला जागा उरली नाही.

ताई मात्र हसली नाही. जिन्यात ती म्हणाली, "मला शंका होतीच रे."

"मग येत का होतीस?"

"इथं कुणीतरी मानेवर हात ठेवायचं. दवाखान्यात तुम्ही सगळे काचेमागून बोलता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती रेडिएशनला आली. गाठीचं काय होईल, ते आज कुणीच सांगू शकत नाही, आणि मी खोटा धीर देणार नाही.

कुणी रंगीत फोटो दाखवून चमत्कार सांगितला तर एवढंच विचारा: हे यंत्र मोजतं काय? धडधाकट माणसावर, साध्या पिशवीवर ते काय दाखवतं? उत्तर मिळेपर्यंत औषध थांबवू नका. आणि घरातल्या आजारी माणसाजवळ बसा, नाहीतर तिथं बुवा येऊन बसतो. आता रोज रेडिएशनच्या खोलीचं दार लागेपर्यंत मी ताईचा हात धरून उभा असतो. एवढं मला आधीच करता आलं असतं.