बाई, बरोबर?

आमच्या टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात उत्तर बरोबर की चूक, हे सूत्रसंचालक भाऊ स्वतः कधीच सांगायचे नाहीत. स्पर्धकाने उत्तर दिलं की ते डावीकडच्या टेबलाकडे वळायचे आणि विचारायचे, "बाई, बरोबर?" त्या टेबलाशी मी. प्रश्न मी काढलेले, उत्तरं मी तपासलेली, म्हणून निकालही माझा. कॅमेरा माझ्यावर क्वचितच यायचा, पण आवाज घरोघरी पोचला होता. घासाघीस करायला तोंड उघडलं की भाजीवाला म्हणायचा, "तुम्ही त्या टीव्हीतल्या बाई ना?" आणि एक पैसा कमी करायचा नाही.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा माझी मुलगी रांगत होती. आता ती कॉलेजात शिकवते. मधल्या काळात निर्माते आले नि गेले. शेवटचा जो आला त्याला नद्या, तारे, शोध यांचं वावडंच होतं. "बाई, लोकांना डोक्याला ताप नको," तो म्हणायचा. मग मी कोणत्या नटाचं कोणाशी लग्न मोडलं, असले प्रश्न काढू लागले. चार पर्यायांचे दोन झाले. रविवारच्या संध्याकाळवरून आम्हाला दुपारी ढकललं, माणसं जेवून आडवी होतात त्या वेळेला. मी कचाकचा भांडायचे. भाऊ माझ्या बाजूने बोलायचे, निदान मला तसं वाटायचं.

त्याच सुमारास शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेने मला संपादक म्हणून बोलावलं. भाऊंनी हातातला चहा खाली ठेवला.

"तुम्ही गेलात तर मी कोणाकडे वळू? बरोबर सुरू केलं, बरोबरच संपवू. काही कमीजास्त झालं तर पहिलं तुम्हाला सांगेन. माझा शब्द."

मी संस्थेला नकार कळवला. घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं.

पुढे निर्मात्याने बैठक बोलावून कार्यक्रम बंद होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा भाऊ मान खाली घालून बसले होते. "मलाही आत्ताच कळतंय हो," ते म्हणाले. मीच वेडी, त्यांना पाणी आणून दिलं.

शेवटच्या भागाचे प्रश्न मी जीव ओतून काढले. निर्मात्याने हूं की चूं केलं नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती. अखेरच्या प्रश्नाला भाऊंनी माझं कार्ड बाजूला सारलं आणि खिशातून दुसरंच काढलं.

"पुढच्या रविवारपासून संध्याकाळी कोणता नवा कार्यक्रम सुरू होतोय?"

"हसा आणि जिंका!" स्पर्धक मुलगी ओरडली. "आणि तो तुम्हीच करताय, भाऊ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेक्षकांना रांगेतच पत्रकं वाटली होती म्हणे. मी नेहमीसारखी मागच्या दाराने आत आले होते. अशा गोष्टी काही आठ दिवसांत ठरत नाहीत. नवा कार्यक्रम उभा राहीपर्यंत जुन्याचा गाडा ओढायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मला थांबवलं. आणि इतके महिने या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही.

भाऊ हसतच वळले. "बाई, बरोबर?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "हे मी तपासलेलं नाही."

मग भाऊच मोठ्याने हसले, "अखेर बाईंनाही एक प्रश्न अडला!" आणि लोकही हसले.

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. "केसाने गळा कापलात, भाऊ."

"पोट प्रत्येकालाच आहे, बाई," ते म्हणाले आणि फोन कानाला लावून गाडीत बसले.

संताप झाला होता, रडूही येत होतं. पण एक समाधान होतं. मी खोटं बोलले नव्हते, आणि भाग टीव्हीवर लागेल तेव्हा ते सगळे ऐकणार होते.

रविवारी दुपारी सासूबाई न झोपता टीव्हीसमोर बसल्या. मीही शेजारी बसले. तो प्रश्न आला, मुलगी ओरडली, भाऊ वळले. "बाई, बरोबर?"

"अगदी बरोबर!"

आवाज माझाच होता. ठणठणीत, खुशीतला. कुठल्या जुन्या भागातून, कुठल्या उत्तराचा काढून तिथे चिकटवला होता, देव जाणे.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "किती दिवसांनी इतकं मनापासून बोललीस गं! निरोप घ्यावा तर असा."

"आई, ते मी बोललेच नाही."

"चल, काहीतरीच! तुझा आवाज मला ओळखू येत नाही होय?"