किल्लीवाल्याच्या लेकीचा बाक

मित्रांनो, माझ्या अंगावरून एकदा हात फिरवून पाहा, म्हणजे माझं वय तुम्हाला विचारावं लागणार नाही. मी चर्चमधला जुना लाकडी बाक. बसायची जागा मधोमध झिजून खोलगट झाली आहे आणि पायाशी गुडघे टेकायला एक अरुंद फळी आहे. माझी पाठ मात्र अजून ताठ आहे. बसणाऱ्याला माझा फारसा आराम नाही, हे मी आधीच कबूल करतो. चर्चमधल्या बाकाने माणसाला बसू द्यावं, पण झोपू देऊ नये, असं माझ्या सुताराचं म्हणणं होतं.

तो सुतार भारी चिकित्सक. त्याने मला रंधा मारला, घासलं, पॉलिश केलं आणि मग स्वतःच माझ्यावर चार वेळा बसून उठून पाहिलं. "कुरकुरत नाही," एवढंच तो म्हणाला. फार न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून निघालेले ते दोन शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

सुरुवातीची कितीतरी वर्षं माझी जागा पुढे, वेदीजवळ होती. लग्नं पाहिली, बाप्तिस्मे पाहिले. नवरीच्या मावश्यांनी माझ्यावर बसून नवऱ्याकडच्या माणसांना नाकं मुरडली आणि तान्ह्या बाळांनी मला वेळोवेळी ओलं केलं. मी माणसं चेहऱ्यावरून कमी आणि गुडघ्यांवरून जास्त ओळखतो. सवयीने टेकलेले गुडघे हलके असतात, गरजेने टेकलेले जड.

मग गादीच्या खुर्च्या आल्या. मला मागच्या भिंतीशी, दाराजवळ नेऊन ठेवलं. माझ्यावर छत्र्या, पिशव्या आणि गीतांच्या जुन्या पुस्तकांची खोकी येऊन पडली. बसलंच कुणी, तर उशिरा येणारे. मी रुसलो होतो, खोटं कशाला बोलू. पण मागच्या भिंतीशी गेलो नसतो, तर किल्लीवाल्याची लेक मला भेटली नसती.

आमच्याकडे एक रीत आहे. रविवारी उपदेश संपला की पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेसाठी कुणाचे काही विषय आहेत का?" मग एकेक जण उठून आपलं दुःख सांगतो. कुणाच्या आईचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलाला नोकरी नसते. सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. मला ही रीत आवडते. एकट्याचं ओझं सगळ्यांनी उचललेलं मी कितीदा पाहिलं आहे.

त्या रविवारी किल्लीवाला उठला. रस्त्याच्या कडेला त्याची टपरी आहे. तो किल्ल्या बनवतो, कुलपं दुरुस्त करतो, आणि रविवारी कितीही हात धुतले तरी त्याच्या बोटांना लोखंडाचा वास येतोच.

"माझी मुलगी चौथीत आहे," तो म्हणाला. "तिला अजून धड वाचता येत नाही. सहामाहीत नापास झाली. वर्षाच्या शेवटी मोठ्या बाई तिच्याकडून एक पान वाचून घेणार आहेत. नाही जमलं, तर पुन्हा चौथीत, धाकट्या भावाच्या वर्गात बसावं लागेल तिला. तिच्यासाठी प्रार्थना करा."

मुलगी त्याच्या शेजारीच बसली होती. मला मागून तिची फक्त मान दिसत होती. ती मान हळूहळू खाली गेली, ती आमेन होईपर्यंत वर आली नाही.

सगळ्यांनी अगदी मनापासून प्रार्थना केली. आणि तिथूनच त्या पोरीच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. मित्रांनो, त्यात कुणी वाईट नव्हतं हो. बेकरीवाल्या काकू तिला दारातच गाठायच्या. "काय गं, जमायला लागलं का वाचायला? आम्ही रोज तुझं नाव घेतो बरं का." निवृत्त नर्सबाई गीतांचं पुस्तक तिच्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "एवढी ओळ वाच बघू." मुलांनी तर तिचं नावच पाडलं. ती दिसली की कुणीतरी म्हणायचं, "आला बघा प्रार्थनेचा विषय."

मग ती मागे, माझ्यावर येऊन बसायला लागली. छत्र्या बाजूला सारायची आणि कोपऱ्यात अंग चोरून बसायची. शाळा चर्चला लागूनच होती. शाळा सुटली की वडील न्यायला येईपर्यंत ती इथेच थांबायची. पहिल्या दिवशी तिने गुडघे टेकले, तेव्हा एवढ्याशा पोरीचे गुडघे इतके जड कसे, याचं मला नवल वाटलं.

"देवा, परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाईंना ताप येऊ दे," ती म्हणाली. थोडा वेळ विचार करून पुढे म्हणाली, "जास्त नको. थोडासाच."

मला हसू आलं. पण परीक्षा जवळ आली तशी तिची प्रार्थना बदलत गेली. एका दुपारी ती आली, ती दप्तरही खाली न ठेवता गुडघ्यांवर बसली.

"प्रभू येशू, बेकरीवाल्या काकूंना सांग, माझ्यासाठी प्रार्थना करू नका म्हणावं. त्या रोज करतात आणि मला रोज येत नाही. मग त्यांना वाटेल, तू ऐकतच नाहीस. माझ्यामुळे तुझं नाव खराब होतंय. मी शाळाच सोडते. मग कुणाला काही मागायला नको."

मित्रांनो, माझं लाकूड जुनं आणि कडक आहे. पण ते ऐकून मी पहिल्यांदाच कुरकुरलो.

त्या दिवशी बाजूच्या खोलीतल्या कपाटाचं कुलूप अडकलं होतं आणि ते काढायला किल्लीवाल्याला बोलावलं होतं. इतका वेळ त्याची कानस चालू होती. ती थांबली. तो दारातून बाहेर आला आणि माझ्यावर, तिच्याजवळ येऊन बसला.

"तुझं नाव मी सगळ्यांसमोर घ्यायला नको होतं," तो म्हणाला. "तुला विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं."

"म्हणूनच विचारलं नसेल."

तिने नाक पुसलं. "देव वैतागला असेल ना, बाबा?"

"माझ्याकडे अशी कुलपं येतात, चार-चार दिवस उघडत नाहीत. मी वैतागून कधी फेकलंय एखादं?"

"एकदा फेकलं होतंस."

"ते गंजलेलं होतं," तो म्हणाला. "आणि मी देव नाहीये."

ती किंचित हसली. मग त्याने तिला विचारलं, "पान समोर आलं की होतं काय तुला? नीट सांग. कुलूप कुठे अडतं, ते कळल्याशिवाय मी हात लावत नाही."

"खालची ओळ वर येते," ती म्हणाली. "वरची खाली येते. मी एका शब्दावर बोट ठेवते, तोवर दुसरेच शब्द मध्ये घुसतात."

इतके लोक तिच्यासाठी रोज प्रार्थना करत होते, पण हा साधा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. तिच्या बापानेही नाही.

दुसऱ्या दिवशी तो एक पत्र्याची पट्टी घेऊन आला. तिच्यात एका ओळीएवढी खाच कापली होती. हाताला लागू नये म्हणून कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या. त्याने पुस्तक माझ्यावर उघडून ठेवलं, पानावर पट्टी ठेवली आणि दोघं गुडघ्यांवर बसली. खाचेतून फक्त एक ओळ दिसत होती, बाकी सगळं पान झाकलेलं.

"प्रभू," किल्लीवाला म्हणाला, "बाकीचं पान तू सांभाळ. आम्हाला एवढी ओळ दे."

तीच त्यांची रोजची प्रार्थना झाली. प्रार्थनेचे गुडघे आणि अभ्यासाचे गुडघे वेगळे राहिले नाहीत. पट्टीने जादू झाली असं मात्र समजू नका. काही दिवस ओळ यायची, काही दिवस यायची नाही. एकदा तिने चिडून पट्टी भिरकावली, तिचा ओरखडा माझ्या पाठीवर आहे. कधी ती शब्द लावत बसायची आणि दिवसभर राबलेला बाप तिथेच डुलक्या काढायचा. सुताराने ते पाहिलं असतं तर मला कमीपणा वाटला असता.

बेकरीवाल्या काकूंना तो स्वतः जाऊन भेटला. रविवारी दारातच त्यांचं बोलणं झालं, म्हणून मला ऐकू आलं.

"म्हणजे आम्ही प्रार्थनाही करायची नाही?" काकू म्हणाल्या.

"करा हो, जरूर करा. फक्त जमतं का ते तिला विचारू नका. देवाला विचारा."

काकूंनी थोडे दिवस गाल फुगवले. मग एका रविवारी त्या माझ्यावर, तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि उपासना संपेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. काकूंना ओळखणाऱ्यालाच कळेल, त्यांना ते किती जड गेलं असेल.

परीक्षेच्या सकाळी ती शाळेआधी आली. त्या दिवशी तिने बाईंसाठी ताप मागितला नाही. "मी अडखळले तरी तू पुढे जाऊ नकोस," ती म्हणाली. "माझ्याजवळ थांब."

शाळेत काय झालं ते मी पाहिलं नाही. बाकाला कुठे जाता येतं? दुपारी तिने बापाला सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. मोठ्या बाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, कुणी केली ते विचारलं आणि परत तिच्या हातात दिली. ती अडखळली, थांबली, परत मागे गेली. वर्ग सुटला, बाकीची मुलं घरी गेली, तरी तिचं पान चालूच होतं. बाई थांबल्या. शेवटच्या ओळीपर्यंत ती पोचली आणि बाईंनी तिला पाचवीत बसायला सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणी पुसली तर मला बरं वाटेल. पण मागायचंच झालं, तर मी दुसरंच मागेन. तुमच्या वर्गात कुणी मागे पडत असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा. ती वाया जात नाही, हे मी माझ्या फळीवर पाहिलं आहे. पण त्याच्या शेजारी जाऊनही बसा, आणि त्याचं कुठे अडतं ते त्यालाच विचारा. आणि मागे पडणारे तुम्हीच असाल, तर देव वैतागला असेल असं मनात आणू नका.

त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला देवाचे आभार मानायचे आहेत का?" सगळ्यांच्या माना मागे वळल्या. किल्लीवाला माझ्यावरून अर्धा उठला. मग वाकला आणि लेकीला हळूच म्हणाला, "सांगू का?"

तिने नकारार्थी मान हलवली. तो परत खाली बसला. मग पाळकसाहेब म्हणाले, "आता ज्याने त्याने मनातल्या मनात प्रार्थना करू या."

ती माझ्या फळीवर उतरली. तिच्या वर्गातलं एक मूल त्या वर्षी मागेच राहिलं होतं. तिने त्याचं नाव घेतलं, इतक्या हळू की शेजारी बसलेल्या बापालाही ऐकू गेलं नाही. मी ते ऐकलं आहे. पण तुम्हाला सांगणार नाही.