मोजेकाकांची पहिली ऑर्डर

मी चपलाबुटांच्या दुकानातली एक जुनी लाकडी शिडी आहे. मित्रांनो, आमच्याकडे खोकी थेट छतापर्यंत रचलेली असतात, म्हणून मालकांच्या वडिलांनी मला सुताराकडून मुद्दाम बनवून घेतलं. माझ्यावर सगळ्यांत जास्त चढले ते मोजेकाका. तरुणपणी मोजे विकायला लागले, तेव्हापासून हेच नाव. गिऱ्हाइकाच्या पायांकडे एक नजर टाकून ते सरसर वर जात आणि उतरले की मला थोपटत. लाडच होते माझे!

पुढे मालकांची मुलगी दुकान बघू लागली. ताईंनी घरबसल्या खरेदीची सोय आणली, प्रत्येकाच्या हाती टॅब दिला आणि भिंतीवर एक स्क्रीन लावला. कुणी किती ऑर्डरी घेतल्या, ते त्यावर झळकायचं. सगळ्यांना हुरूप यावा, हा हेतू. झालं भलतंच. मोजेकाकांना टॅब काही जमेना आणि त्यांच्या नावापुढे कायम शून्य. काका गप्प गप्प राहू लागले. त्यांचं मला थोपटणंही थांबलं.

एका दुपारी ते माझ्या खालच्या पायरीवर टेकले होते. ताई जवळ आल्या.

"ताई, मी आता काम सोडतो म्हणतो."

"का हो काका?"

"गिऱ्हाइकासमोर टॅबवर बोट चुकलं, की तोंड लपवावंसं वाटतं. त्यात वर तो स्क्रीन!"

ताईंनी वर स्क्रीनकडे पाहिलं. मग त्यांनी सरळ स्क्रीनची वायर उपसली. "चुकलं माझं. काका, कुणाला घरी बसवायला हे आणलेलं नाही. उद्यापासून दुकान उघडायच्या आधी सगळे मिळून शिकू. बाबासुद्धा."

सकाळी शटर अर्धं खाली ठेवून शिकवणी सुरू झाली. मालकांनी चष्मा सावरत बटण दाबलं आणि स्वतःच्याच घरी डझनभर गुलाबी सँडल मागवले!

"मालकीणबाईंचं माप तरी विचारायचंत!" मोजेकाका म्हणाले. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. कित्येक दिवसांनी मी काकांचा असा मोकळा आवाज ऐकला.

काही दिवसांनी एका आजींचा व्हिडिओ कॉल आला; शेजारी त्यांची नात होती. पाय सुजलेले, घराबाहेर पडणं बंद. टॅब काकांनी घेतला.

"आजी, पाय कागदावर ठेवा. सावकाश. आता नातीला भोवती पेन्सिल फिरवून पट्टीनं मोजू द्या."

माप कळताच ते माझ्यावर चढले, वरच्या फळीवरचा मऊ, रुंद जोड काढला आणि ऑर्डर नोंदवू लागले. बोट चुकलंच.

"थांबा हं आजी, मी अजून शिकतोय."

"शिका, शिका," आजी म्हणाल्या, "मला कुठे गाडी पकडायचीय?"

काका खळखळून हसले. ऑर्डर गेली. मग त्यांनी मला थोपटलं, अगदी पूर्वीसारखं.

आता मी सुखात आहे. ऑर्डर टॅबवर येते, पण खोकं वरूनच काढावं लागतं! सुताराने माझी सैल झालेली एक पायरीही घट्ट बसवली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मोठं माणूस फोनवर नवं काही शिकत असेल, तर "द्या इकडे" म्हणून तो हिसकावू नका. शेजारी बसा. त्यांचं बटण त्यांनाच दाबू द्या.